शीळकरी कस्तूर

शीळकरी कस्तूर (शास्त्रीय नाव: मायोफोनस हॉर्सफिल्डी) हा सह्याद्रीतील दाट जंगलांत, ओढ्यांच्या काठी राहणारा पक्षी आहे. निकोलस व्हिगर्स यांनी १८३१ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. जातीचे नाव निसर्गअभ्यासक थॉमस हॉर्सफिल्ड यांच्यावरून पडले आहे. पूर्वी कस्तूर कुळात गणला जाणारा हा पक्षी आता माशीमार कुळात समाविष्ट केला जातो.

वर्णन
लांबी सुमारे २५ सें.मी., म्हणजे साधारण साळुंकीएवढी असते. रंग निळसर काळा असून कपाळावर व खांद्यांवर चकाकणारे निळे पट्टे असतात. सावलीत हा पक्षी काळाच दिसतो. नर व मादी सारखेच दिसतात. पिल्ले तपकिरी असून त्यांच्या कपाळावर निळा पट्टा नसतो.

आवाज
याची शीळ माणसाने सहज घातलेल्या शिळेसारखी असते. त्यामुळे इंग्रजीत त्याला 'व्हिसलिंग स्कूलबॉय' असेही म्हणतात. पहाटे व पावसाळ्यात ती विशेष ऐकू येते. हिवाळ्यात पक्षी बहुधा गप्प असतो; म्हणून केवळ शीळ ऐकू न आल्याने तो तेथे नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

आढळ
पश्चिम घाट, सातपुडा आणि पूर्व घाटाचा काही भाग येथे हा पक्षी आढळतो. पुणे जिल्ह्यात भीमाशंकर व लोणावळा परिसरात तो दिसतो. हिवाळ्यात काही पक्षी डोंगराळ भागाबाहेरही पसरतात.

खाद्य व प्रजनन
कीटक, गांडुळे, खेकडे, लहान बेडूक व फळे हे त्याचे खाद्य आहे. विणीचा हंगाम मुख्यतः पावसाळ्यात असतो. ओढ्याकाठच्या कपारीत, तर कधी इमारतींच्या आडोशालाही, वाटीच्या आकाराचे घरटे बांधले जाते. मादी २ ते ४ अंडी घालते. अंडी सुमारे १६-१७ दिवस उबवली जातात. उबवणे व पिल्लांना भरवणे ही कामे नर-मादी दोघेही करतात.

अधिवास व संवर्धन
आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ही जाती 'किमान चिंताजनक' गटात आहे. तरीही खाद्य आणि घरटे या दोन्हींसाठी तिला सावलीतील वाहते पाणी लागते. हेच डोंगर खालच्या औद्योगिक पट्ट्यालाही पाणी पुरवतात. पिंपरी-चिंचवडमधून वाहणारी पवना आणि शहर व चाकण यांच्या मधून जाणारी इंद्रायणी या नद्या मावळातील डोंगरांत उगम पावतात. खेड तालुक्यातून वाहणाऱ्या भीमेचा उगम भीमाशंकरला आहे. तेथील अभयारण्य १९८५ साली मुख्यतः शेकरूच्या संरक्षणासाठी घोषित झाले. त्याचा आसरा या पक्ष्यालाही मिळतो. अभयारण्याबाहेर मात्र काठची झाडी तुटली किंवा ओढ्याचा प्रवाह वळवला गेला, तर तेथील कस्तुराचा अधिवास नाहीसा होतो.