मोहरमचा वाघ

शाळेतल्या वेशभूषा स्पर्धेसाठी वाघाचा पोशाख हल्ली भाड्याने मिळतो. चेन ओढली की मूल वाघ होते आणि दहा मिनिटांत घामाघूम होऊन रडू लागते. आपल्या दख्खनेत पूर्वी वाघ शिवत नसत, रंगवत असत. तोही बक्षिसासाठी नव्हे, नवसासाठी. आणि तो निघायचा मोहरमच्या दिवसांत.

जाफर शरीफ नावाच्या दख्खनी गृहस्थाने मुसलमानांच्या चालीरीतींवर ‘कानून-ए-इस्लाम’ हे पुस्तक लिहिले. हर्क्लॉट्स नावाच्या डॉक्टरने त्याचा इंग्रजी अनुवाद १८३२ साली लंडनमध्ये छापला. मोहरममध्ये लोक कोणकोणती सोंगे घेतात याची लांबलचक यादी त्यात आहे. तिच्यात वाघही आहे.

शोकाच्या महिन्यात वाघ कशाला, असा प्रश्न पडेल. हिजरी ६१ मध्ये, म्हणजे इसवी सन ६८० मध्ये, करबलाच्या मैदानावर इमाम हुसेन शहीद झाले. त्यांचे वडील हजरत अली. त्यांची बिरुदे ‘असदुल्लाह’ म्हणजे अल्लाचा सिंह आणि ‘हैदर’ म्हणजेही सिंहच. फारसीत ‘शेर’ म्हणजे सिंह. पण हा शब्द हिंदुस्थानात आला आणि वाघालाही लागू झाला, कारण इथल्या माणसाने रानात पाहिला तो पट्ट्यांचा वाघ. टिपू सुलतानच्या काळात तर अलींचे हे बिरुद अक्षरांतूनच वाघाच्या तोंडाच्या आकारात लिहीत. अरबस्तानातला सिंह दख्खनेत येऊन असा वाघ झाला. एका शब्दाची ही वाटचाल मला तरी फार मोलाची वाटते.

आता तो करायचा कसा ते सांगतो. आधी अंगावरचे केस काढायचे, नाहीतर रंग धरत नाही. पिवडी डिंकाच्या पाण्यात कालवून अंगभर एक हात द्यायचा. मग खरा कठीण भाग, म्हणजे वाळेपर्यंत थांबणे. हात अंगाला लावायचे नाहीत, बसायचे नाही, खाजवायचे तर मुळीच नाही. पोट आणि गळा पांढरा ठेवायचा. दिव्याच्या काजळीत डिंक घालून पट्टे ओढायचे ते पाठीच्या कण्यापासून खाली, पोटाकडे निमुळते होत जाणारे. नवशिके सरळ रेघा मारतात आणि वाघाऐवजी गादीचे कापड तयार होते. कान पुठ्ठ्याचे. शेपटी दोरीवर चिंध्या गुंडाळून, वरून पिवळे फडके शिवून केलेली. कमरेला दोर बांधून तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा, कारण वाघ मोकळा सोडत नाहीत. पुढे ताशा वाजला की वाघ उकिडवा बसतो, पंजा मारतो आणि झेप घेतो.

हे एकट्याचे काम नव्हे. पाठीवरचे पट्टे स्वतःला ओढता येत नाहीत. आणि पट्टे ओढणारा हात कुणाचा हे गल्लीत कुणी विचारत नसे. मूल जगावे, आजार जावा म्हणून हिंदू घरांतूनही मोहरमचा नवस बोलला जाई. मूल इमामांचा फकीर होई, कुणी वाघ होई. मराठा सरदारांच्या दरबारी ताबूत बसत. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा ताबूत तर प्रसिद्धच. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात आजही दोन्ही समाजांचे उंच ताबूत भेटतात.

हे सारे एका दिवसात मोडले नाही. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दंगल झाली. पुढच्या वर्षी पुण्यात पुष्कळ हिंदूंनी मोहरममधून अंग काढून घेतले आणि त्याच सुमारास सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला. मुंबईत १९१२ साली पोलीस आयुक्त एडवर्ड्स यांनी मोहरमच्या टोळ्यांवर निर्बंध घातले. आणि आमच्याकडच्या सुधारकांचाही वाटा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. शोकाच्या महिन्यात नाच-सोंगे कशाला, हे धर्मात बसत नाही, असे ते सांगत राहिले. त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. पण वाघ गेला तेव्हा रंगाची वाटी घेऊन शेजारच्या दारात जाण्याचे कारणही गेले.

दक्षिणेत तो टिकला. मंगळुरात दसऱ्याला ‘हुलिवेष’ निघतो. तिथे वाघ देवीचे वाहन आहे. केरळात त्रिशूरला ओणममध्ये ‘पुलिकळी’ असते. पोटावर वाघाचे तोंड रंगवतात, ढेरी हलली की वाघ जबडा हलवतो. पहाटेपासून कित्येक तास रंगकाम चालते. मात्र आता तिथे तेलरंग वापरतात आणि रात्री तो रॉकेलने खरवडून काढावा लागतो. पिवडी साध्या पाण्याने उतरत असे.

घरच्या लहानग्याला वाघ करायचा असेल तर असला रंग त्याच्या कातडीला लावू नका. जुनी बनियन आणि पायजमा हळदीच्या कढत पाण्यात बुडवा, सावलीत वाळवा आणि पट्टे कापडावरच ओढा. कपडा अंगात घालून उभे राहायला सांगा, म्हणजे पट्टे बरोबर वळतात. तोंडावर काजळाच्या मिशा पुरेत. शेपटी मात्र दुहेरी दोऱ्याने पक्की शिवा, बाकीची मुले आधी तीच ओढतात.