हरवलेलं दप्तर आणि सिगारेटच्या पाकिटातली चित्रं

इतिहास म्हटलं की आपल्याला दप्तर आठवतं. रुमाल सोडायचा, कागद वाचायचा. पण दप्तरच उरलं नसेल तर? उदाहरण अमेरिकेतलं आहे आणि विषय जरा पोरकट वाटेल: सिगारेटच्या पाकिटात मिळणारी बेसबॉल खेळाडूंची चित्रं.

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने ती वाटली. छापली न्यूयॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीने. संग्राहक या मालिकेला टी-२०६ म्हणतात. हा क्रमांक जेफरसन बर्डिक या संग्राहकाने आपल्या सूचीत दिला. एकूण ५२४ चित्रं. त्यांत होनस वॅग्नरच्या चित्राच्या जेमतेम पन्नास-साठ प्रती उरल्यात. त्याने परवानगी नाकारली म्हणून छपाई थांबली, असं सांगतात. का नाकारली? कुणी म्हणतं तंबाखू नको म्हणून, कुणी म्हणतं पैसे मिळाले नाहीत म्हणून. ते त्याच्या मनातलं. पण प्रती किती निघाल्या, हे छापखान्याच्या वहीतल्या एका ओळीने सांगितलं असतं. ती वही नाही. या मालिकेचा न कापलेला अख्खा तावसुद्धा सापडलेला नाही. शिळाछापाचा रिवाजच असा, की काम संपलं की दगड घासून पुढच्या कामाला घ्यायचा.

मग अभ्यासकांनी काय केलं? चित्र उलटं केलं! मागे सिगारेटची जाहिरात असते, कारखान्याचा क्रमांक असतो. ‘पीडमाँट’ छापाच्या काही प्रतींवर मागे बारीक ओरखडे दिसतात. छपाईच्या पाट्यावर पडलेले. एका चित्रावरचा ओरखडा काठाशी तुटतो आणि दुसऱ्याच खेळाडूच्या चित्रामागे पुढे सुरू होतो. म्हणजे ही दोन चित्रं तावावर शेजारी होती. असे तुकडे जुळवत त्यांनी तावाचा नकाशा उभा केला. छापखान्याने ज्याला खराबी म्हटलं असतं, तोच आपला पुरावा. मला हे फार आवडतं.

आता दुसरी बाजू. वॅग्नरची सर्वांत प्रसिद्ध प्रत १९९१ साली ४ लाख ५१ हजार डॉलरला गेली, २००७ साली २८ लाखांना. २०१३ मध्ये एका बड्या लिलावदाराने न्यायालयात कबूल केलं, की कोरी दिसावी म्हणून त्याने तिच्या कडा कापल्या होत्या. बाजाराने किमतीची चर्चा केली. मला खंत वेगळी वाटते. शेजारी कोण होतं, हे सांगू शकली असती ती कड, आणि नेमकी तीच कचऱ्यात गेली.