बंदरावर उतरलेल्या खलाशाची विचारपूस : खलाशी सेवा केंद्रांची ओळख

बडोद्यात राहून आपला समुद्राशी काय संबंध, असा प्रश्न कोणीही विचारील. पण आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी अनेकांच्या घरातील मुले आता मर्चंट नेव्हीत आहेत. गणपतीत त्यांच्या घरी दर्शनाला गेलो की आई सांगते, ‘तो आता सिंगापूरच्या जवळ कुठेतरी आहे, दोन दिवस फोन लागला नाही.’ हा लेख प्रामुख्याने अशा घरांसाठी आहे. जगातल्या बहुतेक मोठ्या बंदरांवर खलाशांची विनामूल्य सेवा करणाऱ्या संस्था आहेत. त्या काय करतात आणि त्यांच्याकडे केव्हा जावे, याची माहिती आपल्याकडे फारशी कोणाला नसते.

आणि संबंध म्हणाल तर तोही आहे, चांगला दीडशे वर्षांचा. मुंबईत रीगल सिनेमासमोर महाराष्ट्र पोलिसांच्या मुख्यालयाची जी देखणी दगडी इमारत आहे, ती मुळात बांधली गेली खलाशांसाठी. तिचे नाव ‘रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम’. व्हिक्टोरिया राणीचा दर्यावर्दी मुलगा, ड्यूक ऑफ एडिंबरो, १८७० साली मुंबईस आला तेव्हा त्याच्या हस्ते पायाभरणी झाली आणि या कामासाठी आपल्या खंडेराव महाराज गायकवाडांनी दोन लाख रुपये दिले. त्या काळचे दोन लाख! इमारतीचा आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, पुढे व्हिक्टोरिया टर्मिनसही त्यांनीच उभारले. काम १८७६ साली पूर्ण झाले, पण ते पाहायला महाराज नव्हते. १८७०च्या नोव्हेंबरातच त्यांचे निधन झाले होते. पुढे ही इमारत सरकारने घेतली, तेथे कायदेमंडळ भरू लागले, आणि विधानभवन नरिमन पॉइंटला गेल्यावर पोलीस खाते आले. मदिनेसाठी मोत्यांचा गालिचा करवून घेणारा आणि बैलांनी ओढायची का होईना, पण डभोई-मियागाम आगगाडी १८६२ साली सुरू करणारा हा राजा होता. आपण मात्र त्यांचे नाव मार्केटापुरतेच लक्षात ठेवले आहे.

एक गोष्ट येथेच सांगायला हवी. हे सेलर्स होम होते गोऱ्या खलाशांसाठी. त्याच बंदरात राबणाऱ्या रत्नागिरीच्या, गोव्याच्या, दमण-दीवच्या माणसांची सोय त्यात नव्हती. त्यांच्याविषयी पुढे येईलच.

या कामाची सुरुवात

अशा संस्थांपैकी सर्वांत परिचित नाव ‘मिशन टू सीफेअरर्स’. तिचा उगम इंग्लंडात ब्रिस्टलच्या खाडीत झाला. १८३५ साली जॉन ॲश्ली नावाचे एक पाद्री किनाऱ्यावर उभे होते. समोरच्या बेटांकडे बोट दाखवून त्यांच्या लहान मुलाने विचारले, की तिथली माणसे चर्चला कशी जातात? ॲश्ली बेटांवर जाऊन आले. परतताना त्यांच्या लक्षात आले की अनुकूल वाऱ्याची वाट पाहत खाडीत कितीतरी जहाजे नांगरून पडली आहेत आणि त्यांवरील माणसांकडे तर कोणीच जात नाही. मग लहानशा शिडाच्या बोटीतून ते या जहाजांवर जाऊ लागले आणि सुमारे पंधरा वर्षे जात राहिले. १८५६ साली या कामाला रीतसर संस्थेचे रूप आले. निशाणावर उडता देवदूत असल्याने खलाशी तिला ‘फ्लाइंग एंजल’ म्हणूनच ओळखतात. आज सुमारे ५० देशांतील २०० बंदरांत तिचे काम आहे. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई ही त्यांतलीच.

‘सेलर्स सोसायटी’ त्याहून जुनी, १८१८ची, लंडनची. कॅथलिकांची ‘स्टेला मारिस’, म्हणजे समुद्रतारा, ही १९२० साली स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात सुरू झाली. या आणि अशा इतर संस्थांचा एक जागतिक संघ १९६९पासून आहे.

संस्था ख्रिस्ती आहेत म्हटल्यावर आपल्यापैकी काहींच्या मनात जी शंका येते, ती आमच्याही मनात होती. म्हणून स्पष्ट लिहितो. या संघाच्या आचारसंहितेत धर्म, वंश, राष्ट्रीयत्व न पाहता सेवा करावी आणि धर्मांतराच्या मागे लागू नये असे म्हटले आहे. प्रार्थना हवी असेल त्याच्यासाठी प्रार्थनाघर असते, नको असेल त्याने तिकडे फिरकू नये. चहा प्यावा, घरी फोन करावा आणि परत जावे. ऐंशीच्या दशकात आम्ही कच्छमध्ये गांधीधामच्या शाखेत होतो. तेथे कांडला बंदरातील खलाशी डॉलर बदलायला येत. कोरियन, फिलिपिनो, रशियन, आपले केरळी. पैसे हातात पडले की पहिला प्रश्न ठरलेला: फोन कुठे? परदेशचा कॉल तेव्हा बुक करून तासन्‌तास वाट पाहायची. काउंटरवरचा आमचा शिपाई त्यांना खुणेनेच खलाशांच्या क्लबाचा रस्ता दाखवी. तिथून परतलेला एकही माणूस धर्माविषयी काही बोलल्याचे आम्हाला आठवत नाही. ‘लाइन मिळाली’ एवढेच सांगत.

काम चालते कसे

प्रत्येक मोठ्या केंद्रात एक चॅप्लेन, म्हणजे बंदराचा धर्मोपदेशक, आणि काही स्वयंसेवक असतात. कामाचा गाभा म्हणजे जहाजभेट. जहाज धक्क्याला लागले की हा माणूस हेल्मेट आणि चमकते जाकीट घालून उभी शिडी चढून वर जातो. पिशवीत सिमकार्डे, खलाशांच्या भाषेतील बातमीपत्रे, थंडीच्या बंदरांत हाताने विणलेल्या लोकरी टोप्या. या टोप्या गावोगावच्या आजीबाई घरी बसून विणतात. हा आमच्या सौभाग्यवतींना फार आवडलेला तपशील. वर गेल्यावर तो भटारखान्यात किंवा जेवणघरात बसतो, कारण माणसे बोलतात ती तिथे. कोणाची आई आजारी आहे, कोणाला मुलगा झाला पण पाहिलेला नाही, कोणाचा कप्तानाशी खटका उडालेला आहे. चॅप्लेन कंपनीचा नसतो, सरकारचा नसतो, युनियनचाही नसतो. म्हणून त्याच्याजवळ मन मोकळे होते.

मग बाकीची कामे. केंद्राची लहान व्हॅन खलाशांना धक्क्यावरून बाजारात आणि परत नेते. हे किरकोळ वाटेल, पण सध्याची बंदरे गावापासून दूर असतात आणि टॅक्सीवाला परक्या माणसाकडून किती घेतो हे सांगायला नको. केंद्रात वायफाय, कॅरम-बिलियर्ड, चार पुस्तके, पैसे घरी पाठवण्याची आणि बदलून घेण्याची सोय असते. कोणी आजारी पडून परक्या देशात रुग्णालयात राहिला आणि जहाज पुढे निघून गेले, तर त्याला भेटायला येणारे बहुधा हेच लोक असतात. जहाजावर मृत्यू झाला तर घरच्यांना बातमी देताना आणि उरलेल्या सहकाऱ्यांना सावरताना चॅप्लेनला बोलावतात.

पूर्वी जहाज बंदरात आठवडा-दोन आठवडे राही. पोती आणि पेट्या पाठीवरून उतरत. कंटेनर आल्यापासून तेच काम एका दिवसात, कधी काही तासांत होते. वीस-पंचवीस माणसांचे प्रचंड जहाज रात्री येते आणि उजाडता निघते. खलाशाला जमिनीवर पाय ठेवायला मिळतील ते दोन-तीन तास. त्यातच २००४ साली बंदरांच्या सुरक्षेचे नवे आंतरराष्ट्रीय नियम लागू झाले. न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतर ते आवश्यकच होते, पण त्यामुळे धक्क्यावरून पायी बाहेर पडणेही अनेक ठिकाणी अवघड झाले. परवाना, पास, व्हिसा, सोबत. कोविडच्या वर्षी तर कळस झाला. २०२०च्या अखेरीस कराराची मुदत संपूनही सुमारे चार लाख खलाशी जहाजांवरच अडकून होते. त्या काळात स्वयंसेवकांना वर जाण्यास मनाई होती. ते सिमकार्डे आणि औषधे शिडीच्या पायथ्याशी ठेवून खालूनच हात हलवत.

आपली माणसे

विलायती जहाजांवर आपल्या खलाशांना ‘लास्कर’ म्हणत. रत्नागिरीकडील कोकणी मुसलमान आणि खारवी डेकवर, गोवेकर स्वयंपाकात आणि उतारूंच्या सेवेत, अशी ढोबळ वाटणी असे. लंडनच्या थंडीत यांतले किती रस्त्यावर मेले त्याची गणती नाही. तेथे १८५७ साली परदेशी खलाशांसाठी लाइमहाउस भागात ‘स्ट्रेंजर्स होम’ निघाले आणि पंजाबच्या दुलीपसिंह महाराजांनी त्यासाठी ५०० पौंड दिले.

गोव्याच्या माणसांनी कोणाची वाट पाहिली नाही. मुंबईत धोबी तलाव, गिरगाव, माझगाव या भागांत प्रत्येक गावाने आपापली कूड काढली. एक मोठी खोली, भिंतीशी ओळीने पेटारे, एक वेदी, संध्याकाळची प्रार्थना आणि नाममात्र भाडे. जहाज मिळेपर्यंत तारवटी तेथे राही. जहाजावर गेला तरी त्याचा पेटारा कुडीतच असे. आमच्या मते खलाशी सेवेचा आपल्या मुलखातला हा सर्वांत सच्चा नमुना. त्यात दाता आणि घेता वेगळे नव्हते. मशीद बंदरजवळ पुढे ‘इंडियन सेलर्स होम’ झाले. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या आणि ज्यांना कबरही नाही अशा दोन हजारांवर हिंदी खलाशांचे स्मारक तेथे आहे. मुंबईस जाणाऱ्यांनी ते जरूर पाहावे.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावे

आता थोडे बँकवाल्याच्या भाषेत. खलाशांच्या हक्कांचा मुख्य आधार म्हणजे २००६ चा ‘मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन’ हा आंतरराष्ट्रीय करार. तो २०१३ पासून अमलात आहे आणि भारताने २०१५ साली त्याला मान्यता दिली. २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती, बंदरावर कोणत्याही धर्म-देशाच्या खलाशाला सेवा केंद्र वापरण्याचा हक्क, या गोष्टी त्यात आहेत. नोकरी मिळवून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेण्यास बंदी आहे. तरीही घेतात. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने मुलाच्या पहिल्या जहाजासाठी एका एजंटाला काही लाख रोख मोजले. पावती नाही. मुलगा आखातात एका जुन्या जहाजावर पोचला, दोन पगार आले, मग बंद. मालक फोन घेईना, डिझेल संपले, अन्न तुटपुंजे. पाच महिन्यांनी तो मुलगा परत आला तो त्या बंदरातल्या चॅप्लेनने युनियनच्या निरीक्षकाला जहाजावर नेले म्हणून. घरच्यांनी एजंटाची तक्रार शेवटपर्यंत केली नाही, ‘लोक काय म्हणतील’ म्हणून.

ही एकट्याची कथा नाही. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या नोंदीप्रमाणे २०२४ साली ३१२ जहाजांवरील तीन हजारांहून अधिक खलाशी असे वाऱ्यावर सोडले गेले आणि त्यांत सर्वाधिक भारतीय होते. कायद्याने दोन महिन्यांचा पगार थकवून मालकाने संबंध तोडले तरी ते ‘सोडून देणे’ ठरते. अशा वेळी विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतण्याचा खर्च मिळू शकतो. त्या विम्याचे प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल असे लावलेले असते. मुलाने चढल्याच्या पहिल्याच दिवशी मोबाइलवर त्याचा फोटो काढून घरी पाठवावा.

तसेच कराराची सही झालेली प्रत, सीडीसी आणि इंडोस क्रमांक, भरती कंपनीचा आरपीएसएल परवाना क्रमांक घरात लिहून ठेवावा. परवाना खरा आहे का, हे जहाजवाहतूक महासंचालनालयाच्या यादीत पैसे भरण्यापूर्वी पाहावे, नंतर नव्हे. आणि जहाजाचा आयएमओ क्रमांक. हा सात आकडी असतो. मालकाने जहाजाचे नाव बदलले, झेंडा बदलला, तरी तो बदलत नाही. आमच्या भाषेत सांगायचे तर खातेदाराचे नाव बदलले तरी खाते क्रमांक तोच. मदत मागताना कोणतीही संस्था प्रथम हाच विचारते. ‘सीफेअररहेल्प’ ही चोवीस तासांची विनामूल्य दूरध्वनी सेवा हिंदीतही बोलते आणि कुटुंबीयांनाही ती वापरता येते. पगार शक्यतो मुलाच्या एनआरई खात्यातच यावा, नातेवाइकाच्या बचत खात्यात नको. थकबाकी सिद्ध करताना खात्याचा उतारा हाच पुरावा असतो.

आपल्या सभासदांपैकी ज्यांच्या घरचे कोणी समुद्रावर आहे, त्यांच्यासाठी आम्ही या सर्व नोंदींचा एक पानी तक्ता तयार केला आहे. तो मंडळाच्या वाचनालयात ठेवलेला आहे. रविवारी सकाळी आम्ही तेथे असतोच. भरायला अडचण आली तर कागद घेऊन यावे.