सोडत, चर्चा आणि संमती

व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा प्रमुख, म्हणजे डोज, तहहयात निवडला जाई. निवड चुकली तर ती सुधारायला पाच वर्षांनी येणारी निवडणूक नव्हती. शिवाय मातब्बर घराण्यांतली चुरस कायमची. या पेचातून १२६८ मध्ये एक निवडपद्धत ठरली आणि प्रजासत्ताकाच्या अखेरीपर्यंत, पाचशेहून अधिक वर्षे, टिकली.

महासभेतून सोडतीने ३० जण काढायचे. त्यांतून पुन्हा सोडतीने ९. या नऊंनी ४० जण निवडायचे, त्यांचे सोडतीने १२ उरायचे. बारांनी २५ निवडायचे, त्यांतून ९. नऊंनी ४५, त्यांतून ११. आणि या अकरांनी अखेरचे ४१ निवडायचे. डोज निवडायचा तो या ४१ जणांनी. वरवर हा पोरखेळ वाटतो. पण शेवटच्या दालनात कोण बसणार हे आधी कळत नसल्याने मते कोणाची फिरवायची, हेच गटबाजांना उमगत नसे.

खरे महत्त्व त्या दालनातल्या कामाचे. एकेक नाव पुढे येई. तो इसम तिथेच असेल तर त्याला बाहेर पाठवून त्याच्यावरचे आक्षेप मांडले जात. मग आत बोलावून त्याचे उत्तर ऐकले जाई. त्यानंतर मतदान. किमान २५ मते मिळाली तरच निवड पक्की. उमेदवाराची अशी समोरासमोर झडती आजच्या किती पक्षांत होते?

मात्र दालनातली चर्चा जपताना दालनाबाहेरचे लोक दूर होत गेले. १२९७ पासून महासभेचे दार मोजक्या घराण्यांपुरते आक्रसले. नवा डोज लोकांपुढे आणताना ‘हा तुमचा डोज, तुम्हाला पसंत असेल तर’ असे म्हणण्याचा प्रघात होता. १४२३ मध्ये फ्रान्चेस्को फोस्कारीच्या निवडीवेळी त्यातले ‘पसंत असेल तर’ गळाले. उरली ती केवळ घोषणा.

१२ मे १७९७ रोजी नेपोलियनच्या धाकाने महासभेने, गणसंख्या पुरी नसतानाही, स्वतःच्या विसर्जनाचा ठराव केला. त्याच दिवशी संत मार्कचा जयजयकार करीत सामान्य लोक प्रजासत्ताकासाठी रस्त्यावर उतरले. ज्यांचे मत साडेतीनशेहून अधिक वर्षे कुणी विचारले नव्हते, तेच हे लोक. विचारपूर्वक निवड हवीच. पण तो विचार कोणी करायचा, हे ठरवताना व्हेनिस चुकले.