हट्टंगडी, रोहिणी
हट्टंगडी, रोहिणी : (११ एप्रिल १९५१– ). मराठी-हिंदी रंगभूमी, चित्रपट व दूरचित्रवाणीवरील अष्टपैलू अभिनेत्री. माहेरचे आडनाव ओक. जन्म पुणे येथे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात इब्राहिम अल्काझी यांच्याकडे शिक्षण. नाट्यदिग्दर्शक जयदेव हट्टंगडी हे त्यांचे पती. रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’तील (१९८२) कस्तुरबांच्या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा बाफ्टा पुरस्कार विभागून मिळाला. ‘अर्थ’मध्ये (१९८२) त्यांनी मुलीच्या शिक्षणासाठी पै-पै साठवणारी मोलकरीण उभी केली. ‘पार्टी’साठी (१९८४) त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार लाभला. ‘सारांश’मध्ये (१९८४) त्यांनी तरुण मुलगा गमावलेल्या वृद्ध मातेची भूमिका केली, तेव्हा त्यांनी पस्तिशीही गाठली नव्हती. ‘अग्निपथ’मध्ये (१९९०) वयाने नऊ वर्षांनी मोठ्या असलेल्या अमिताभ बच्चन यांच्या त्या आई झाल्या. ‘चालबाज’मधील (१९८९) खाष्ट काकू हे त्यांच्या अभिनयाचे अगदी वेगळे रूप. ‘चार दिवस सासूचे’ या प्रदीर्घ मालिकेतील आशालता देशमुख आणि ‘होणार सून मी ह्या घरची’मधील आजी यांमुळे त्या मराठी घराघरांत पोहोचल्या. ‘अपराजिता’ हा त्यांचा एकपात्री नाट्यप्रयोगही गाजला.