कोळसा-अपारंपरिक ऊर्जा वाद (महाराष्ट्र)
महानिर्मिती या सरकारी वीजकंपनीचे सर्वांत मोठे औष्णिक केंद्र चंद्रपूरला आहे (२,९२० मेगावॉट). कोळसा हाताशी, म्हणून वीज हुकमी. राख आणि धूर मात्र चंद्रपूरकरांच्या वाट्याला, वीज दूरच्या शहरांना. पर्याय म्हणून साताऱ्यातल्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या, धुळ्यातल्या साक्रीत सौर प्रकल्प उभे राहिले. वाऱ्याचा जोर पावसाळ्यात, उन्हाचा दिवसा. संध्याकाळच्या मागणीला पुन्हा कोळसा आणि कोयना धरणाची जलविद्युतच. शेतीपंपांना मात्र सौर वीज चपखल बसते. रात्रपाळीच्या विजेवर, विंचूकाट्यातून बॅटरीच्या उजेडात पिकाला पाणी देणाऱ्यांना दिवसा वीज मिळावी, हा मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा (२०१७) हेतू. धूर नसलेली वीजही फुकट नसते : टाटांच्या जलविद्युत धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ मध्येच सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे पुढारी होते.