हातभर अंतर

दसरा-दिवाळीच्या सुमारास बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीनच्या सुड्या मोडायला सुरुवात होते. ट्रॅक्टरला जोडलेले मळणीयंत्र आज या शेतात, उद्या त्या शेतात असे फिरत असते. यंत्र भाड्याचे, आभाळ बेभरवशाचे, त्यामुळे सगळ्यांनाच घाई असते. दिव्याच्या उजेडात रात्रीही काम चालते. याच दिवसांत कुठून तरी बातमी येते : पदर अडकला, हात गेला. ऐकणारे हळहळतात आणि म्हणतात, ‘जरा लक्ष द्यायला हवं होतं.’ या वाक्यात कितपत तथ्य आहे, ते आपण थोडे मागे जाऊन तपासू या.

खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरत असे, तेव्हा मळणीचा वेग बैलाच्या पावलाचा होता. पाय घसरला तरी सावरायला वेळ मिळे. आता ट्रॅक्टरच्या मागचा, यंत्राला गती देणारा दांडा पाहा. त्याला पीटीओ शाफ्ट म्हणतात. त्याची प्रचलित गती मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे. दांड्याचा व्यास ६ सेंमी धरला, तर परीघ सुमारे १९ सेंमी येतो. म्हणजे एका सेकंदात जवळजवळ पावणेदोन मीटर कापड त्यावर गुंडाळले जाऊ शकते. काहीतरी ओढले जात आहे हे जाणवून हात मागे घ्यायला माणसाला निदान पाव सेकंद तरी लागतो. तेवढ्यात चाळीसेक सेंमी पदर गेलेला असतो. शिवाय कापडाचे थर चढतात तसा परीघ वाढतो आणि ओढण्याचा वेगही वाढतो. सावधपणा हवाच, पण तो अडकण्याआधी उपयोगी पडतो. एकदा पदर अडकला की अतिशय दक्ष माणूसही यंत्रापुढे हरतो.

यंत्राच्या वेगाची ही ओळख आपल्या जिल्ह्याला मळणीयंत्रामुळे झालेली नाही, ती त्याच्या कितीतरी आधीची आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला महत्त्व आले. १८७० साली जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला. तो सुरू करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. खामगावच्या बाजारपेठेभोवती सरकी काढणारी जिने आणि रुईच्या गासड्या बांधणारे प्रेस उभे राहिले. वाफेच्या इंजिनावर एक लांब दांडा फिरे आणि त्यावरच्या पट्ट्यांनी ओळीतली जिने चालत. फिरता दांडा, धावते पट्टे आणि शेजारी काम करणारी माणसे, हे चित्र आजच्या खळ्यापेक्षा फार निराळे नव्हते.

ब्रिटिश हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ सालचा. धोकादायक यंत्रांभोवती कुंपण असावे, असे त्यात सांगितले होते. पण तो लागू होता शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांना. कापसाचा हंगाम संपला की बंद पडणारी जिने त्यातून सहज निसटली. हंगामी कारखाने कायद्याखाली आले ते १९११ सालच्या कायद्याने, म्हणजे तीस वर्षांनी. दरम्यान दांड्याचा वेग हंगामी म्हणून कमी झालेला नव्हता.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने आणखी बारकाईने विचार केला. चालू यंत्राची तपासणी करावी लागलीच, तर ती खास प्रशिक्षित आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या कामगारानेच करावी, असे त्यात म्हटले आहे. सैल कपड्याचा धोका कायद्याने असा स्पष्ट ओळखला होता. परंतु शेत म्हणजे कारखाना नव्हे. त्यामुळे ही समज गिरणीच्या फाटकाशीच थांबली.

हरितक्रांतीबरोबर पंजाब-हरियाणात मळणीयंत्रे झपाट्याने वाढली आणि १९७० नंतरच्या दशकात तुटलेल्या हातांचा प्रश्न देशापुढे आला. १९७९ साली भारतीय मानक संस्थेने मळणीयंत्राच्या सुरक्षिततेची मानके ठरवली. १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांविषयी कायदा केला आणि त्याच्या व्याख्येत पहिले नाव मळणीयंत्राचे घातले. यंत्रामुळे इजा झालेल्या मजुराला भरपाई देण्याची तरतूदही त्यात होती.

या मानकातली एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. पीक आत सारण्याचा पत्र्याचा पन्हाळ किमान ९०० मिमी लांब असावा आणि त्याचा यंत्राकडचा ४५० मिमी भाग वरून झाकलेला असावा, असे त्यात सांगितले आहे. ४५० मिमी म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचे, आपले जुने ‘हातभर’ अंतर. पूर्ण पन्हाळ दोन हातांचा. खांद्यापासून लांबवलेला हात साधारण ७० ते ७५ सेंमी भरतो. म्हणजे पन्हाळाच्या बाहेर उभे राहून हात पूर्ण आत गेला, तरी तो ड्रमच्या दात्यांपर्यंत पोचत नाही. दमलेल्या, झोप अनावर झालेल्या माणसाची चूक होणार हे इथे गृहीत धरले आहे आणि तरी हात वाचवला आहे. उपदेशापेक्षा हा पत्रा अधिक भरवशाचा.

अर्थात पन्हाळ हात वाचवतो, पदर नाही. त्यासाठी दांड्यावर आणि पट्ट्यांवर झाकण लागते. काम भराभर उरकावे म्हणून हे झाकण काढून ठेवले, की सगळे गणित पुन्हा मूळ पदावर येते.

जाळ्यातून निसटण्याची गोष्टही संपलेली नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली सुरू केलेल्या शेतकरी अपघात सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाल्यास २ लाख आणि एक हात किंवा पाय गमावल्यास १ लाख रुपयांची तरतूद केली गेली. पण ती वहितीधारक खातेदार आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी होती. दुसऱ्याच्या शेतात कडपे उचलून यंत्रात सारणारी भूमिहीन बाई त्यात बसत नव्हती. १८८१ साली जिनातला मजूर निसटला तो हंगामामुळे, ही निसटली सात-बाऱ्यामुळे.

शाळेत यावर एक छोटा उपक्रम घेता येईल. मुलांना आपापल्या घरातील मोठ्या माणसांच्या हातांची लांबी मोजायला सांगावी : कोपरापासून बोटापर्यंत आणि खांद्यापासून बोटापर्यंत. मग मोठ्या माणसांच्या सोबतीने, ट्रॅक्टर बंद करून किल्ली काढून घेतल्यावर, गावात आलेल्या मळणीयंत्राचा पन्हाळ मोजावा आणि दांड्यावर झाकण आहे का ते पाहावे. दोन्ही मापे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत. हात पन्हाळापेक्षा लांब निघाला, तर ती गोष्ट मळणी सुरू होण्याआधी घरी सांगायची आहे, हे मुलांना वेगळे समजावावे लागणार नाही.